अंबूबाईंचं शुद्ध पाणी

अंबूबाई पहिल्यांदा दुकानात आल्या त्या बादली घेऊन. मला वाटलं, पाणी भरायला आल्या. चिंचवड स्टेशनच्या अलीकडे, मुंबई रस्त्याला लागून माझं बॅटरी चार्जिंगचं दुकान आणि दारातच नळ, त्यामुळे येणाराजाणारा हंडा-कळशी पुढे करायचाच. मी मान वर न करता म्हणालो, "चारपर्यंत नळ कोरडा आहे. चला, पुढे व्हा."

"पानी न्यायला न्हाई आली. हिला पानी किती घालायचं ते इचारायला आली," असं म्हणून बाईंनी बादली माझ्या पायाशी ठेवली. आत चिंधीत गुंडाळलेली मोटारसायकलची बॅटरी होती.

मी फटकळ माणूस. उद्धवरावाच्या तोंडाला लागू नये, असं आख्खं चिंचवड म्हणतं, आणि ते खोटं नाही. पण ती बॅटरी मी ओळखली. सुरेंद्रच्या जावा मोटारसायकलची. सुरेंद्र म्हणजे पिंपरीतल्या एका कंपनीत फिटर असलेला, राहटणीत राहणारा पोरगा. दर महिन्याला स्वतः येऊन पाणी बघून जायचा, असं गिऱ्हाईक शंभरात एक. "तो कुठाय?" मी विचारलं.

"तळेगावला. दवाखान्यात. छातीत पानी झालंय," अंबूबाई म्हणाल्या. "डाक्टर म्हनले, च्यार-पाच म्हैने ऱ्हावं लागंल. म्या आई त्याची."

ही चौऱ्याहत्तरची गोष्ट, दिवाळी नुकतीच सरली होती. अंबूबाई मूळच्या चाकणकडच्या, खेड तालुक्यातल्या. नवरा गेल्यावर एकुलत्या एक मुलाबरोबर राहटणीत दोन खोल्यांत राहायला आलेल्या. जाताना सुरेंद्रनं स्वतःच्या हातानं बॅटरी काढली, गाडीवर ताडपत्री टाकली आणि आईला सांगितलं, "गाडी उभी राहिली की बॅटरी मरते. ही उद्धवरावांना दाखव, ते सांगतील तसं कर. मी चैत्रात आलो की एका किकेत गाडी चालू झाली पाहिजे. ही जगली तर मी जगलो समज."

पोरगं थट्टेत बोललं असणार. आजारपणात माणूस असं काहीतरी बोलून जातो. पण अंबूबाईंनी ते पदराला गाठ मारून ठेवलं होतं. मला सगळं सांगून झाल्यावर त्यांनी बॅटरीवर हात ठेवून विचारलं, "जगंल न्हवं ही?"

"न जगायला काय झालं? सांगतो तेवढं करा," मी म्हणालो, आणि नमनाला घडाभर तेल न घालता भराभर सांगून टाकलं. जमिनीवर ठेवायची नाही, लाकडी पाटावर ठेवायची. आडवी करायची नाही. चुलीपासून, दिव्यापासून लांब. वरून कोरड्या फडक्यानं पुसायची, टोकांना व्हॅसलीन लावायचं. महिन्याला एकदा माझ्याकडे आणायची, मी सावकाश चार्ज करून देईन. आणि दर पंधरा दिवसांनी ही तीन बुचं उघडून आत बघायचं. आतल्या प्लेटा पाण्याखाली बुडालेल्या पाहिजेत. उघड्या पडल्या की त्यांना पांढरं धरतं, मग ती मेली.

"आनी पानी कमी झालं तर?"

आता इथं मी शेण खाल्लं. डिस्टिल वॉटर म्हणालो असतो तर बाईंना ते कळलं नसतं, आणि समजावत बसायला माझ्याकडे वेळ नव्हता. समोर ट्रकवाला बोंबलत उभा. मी औषधाची एक रिकामी बाटली डिस्टिल वॉटरनं भरून त्यांच्या हातात दिली आणि म्हणालो, "यातलं घालायचं. शुद्ध पाणी. नळाचं नाही, विहिरीचं नाही, उकळलेलंसुद्धा नाही. शुद्ध! कळलं?"

"कळलं की," अंबूबाई म्हणाल्या. बादली उचलली आणि पवनेच्या पुलाकडे चालू लागल्या.

पहिला महिना कसा छान गेला. डिसेंबरच्या सुरुवातीला बादली घेऊन आल्या, मी हायड्रोमीटर घालून पाहिलं. ही काचेची पिचकारी असते, आत तरंगणारी खूण असते, ती वर आली की बॅटरी भरलेली. खूण झकास वर. बाईंनी बॅटरी लेकरासारखी सांभाळली होती. देवघराशेजारी पाटावर ठेवली होती म्हणे, कारण घरात पाट तेवढा एकच. लुगड्याला मात्र भोकं पडली होती, चाळणीसारखी. बादली हिंदकळून ॲसिडचे थेंब उडत होते. मी ओरडलो, "अहो, बुचं घट्ट लावा! अंगावर उडालं तर कातडं जाईल."

"माज्या कातड्याचं काय घिऊन बसलाय? ही भरलिया का तेवडं सांगा."

"भरली आहे."

"मंग पोराला बी बरं असंल," असं म्हणून त्या हसल्या. रविवारी त्या तळेगावला जायच्या, सोमवारी येऊन मला तब्येत सांगायच्या. सुरेंद्रच्या छातीतलं पाणी काढलं होतं, ताप उतरला होता. मी म्हटलं, चला, बोलाफुलाला गाठ. बाईंचा जीव भांड्यात पडतोय ना, पडू दे.

मग जानेवारी उजाडला आणि सगळं फिरलं.

संक्रांतीच्या आधी बाई बॅटरी घेऊन आल्या तेव्हा हायड्रोमीटरची खूण तळाला बसलेली. एका महिन्यात एवढी उतरायला नको. मी रात्रंदिवस सावकाश चार्ज करून दिली. त्या आठव्या दिवशी पुन्हा हजर. "उतरली का वो?" बघितलं, उतरली होती. पुन्हा भरून दिली. सहाव्या दिवशी पुन्हा दारात. तोंड एवढंसं झालेलं.

"उद्धवराव, पोराला परत ताप भरलाय. डाक्टर म्हनले, दुसऱ्या बाजूला बी पानी दिसतंय. म्या घरी आले आन् तडक ही घिऊन निघाले. बगा उतरली का."

हायड्रोमीटर घातलं. खूण तळाला. मी बाईंच्या तोंडाकडे न बघता म्हणालो, "थोडी उतरली आहे."

"थोडी म्हंजी किती?"

"थोडी म्हणजे थोडी! भरून देतो ना!"

दुकानात मी ओरडत असे ते गिऱ्हाइकावर. त्या दिवशी मी घाबरून ओरडलो. इकडे बॅटरी उतरत होती, तिकडे पोराचा ताप चढत होता. या दोन गोष्टींचा एकमेकींशी काडीचाही संबंध नाही, हे मला पक्कं ठाऊक होतं. तरी रोज सकाळी दुकान उघडताना माझे डोळे आधी पुलाकडे जायचे. बादली दिसली की मी हायड्रोमीटर काढून ठेवायचो. बायको म्हणायची, लोकांच्या बॅटऱ्या ठीक करता करता तुमचीच तार तुटायची वेळ आली.

मी कारणं शोधली. चार्जर तपासला, तो ठीक. बॅटरी जुनी म्हणावं, तर दीड वर्षाचीही नव्हती. घरी कुणी वायर लावून रेडिओ वाजवतंय का, तेही विचारलं. बाई म्हणाल्या, "रेडू कशाला वाजवू? घरात शब्द काडू वाटंना." शेवटी मी बॅटरी त्यांना घरी नेऊच दिली नाही. भरून माझ्याच फळीवर ठेवली, कुणी हात लावू नका म्हणून बजावलं. पाचव्या दिवशी पाहतो तर फळीवर बसल्याबसल्या उतरलेली! म्हणजे बाहेरचं काही नव्हतं. जे काही होतं ते आत होतं. आतच काहीतरी तिला खात होतं.

अंबूबाई आल्या तसा मी उसळलो. "खरं सांगा, हिच्यात काय घातलंत? माझ्या बाटलीतलंच पाणी घातलंत ना?"

"व्हय. पयल्यांदा तेच."

"आणि मग?"

"मंग ती बाटली हातातून निसटली, फुटली. चंपाषष्ठीचा दिस. मधल्या बुचात बगते तर पाती उघडी पडलेली. तुमी म्हनला व्हता, उगडी पडली की मेली. तशीच पळत आले. तुमचं दुकान बंद. कुलूप."

मी आठ दिवस जेजुरीला गेलो होतो, कुळधर्माला. दारावर साधी चिठ्ठीसुद्धा लावली नव्हती. लावली असती तरी बाईंना वाचता येत नव्हतं.

"मग नळाचं घातलंत?"

"न्हाई वो!" अंबूबाई दुखावल्या. "तुमी येवडं बजावलं आन् म्या नळाचं घालीन व्हय? शुद्धच घातलं. घरात व्हतं शुद्ध. गंगा घातली."

मला आधी कळेचना. मग कळलं आणि मी स्टुलावर खाली बसलो. तुम्हाला माहीत असेल, काशीला गेलेला माणूस तांब्याचा गडू आणतो, गंगेनं भरलेला, तोंड कथलानं झाळून बंद केलेला. तो देवघरात ठेवायचा आणि उघडायचा एकदाच. माणूस शेवटच्या घटकेला आला की त्याच्या ओठांवर तुळशीपानानं ते पाणी सोडायचं. अंबूबाईंच्या नवऱ्यानं वीस वर्षांपूर्वी काशीहून असे दोन गडू आणले होते. एक त्याचा, एक हिचा. त्याचा त्याला लागला. हिचा त्या दिवशी हिनं सुरेंद्रच्याच स्क्रू ड्रायव्हरनं फोडला आणि तिन्ही बुचांत वाटून ओतला.

"अहो, ती तुमच्यासाठी होती ना?" मी म्हणालो.

"माजं काय, म्या तशीच गेले तरी चालंल. ही मेली असती तर?" त्या म्हणाल्या. मग हळूच विचारलं, "गंगा चालत न्हाई का हिला?"

काय सांगू? गंगेनं तुमच्या पोराची बॅटरी मारली असं सांगू? मी डोकं धरलं, आणि मग माझं मलाच लख्ख झालं. ते पाणी वीस वर्षं तांब्यात होतं. तांब्याचा अंश आत गेला की बॅटरी स्वतःच स्वतःला खाते, नुसती ठेवली तरी उतरते. हे मला पोरवयात उस्तादानं शिकवलं होतं, म्हणून तर माझ्या दुकानात तांब्याचं भांडं ठेवत नव्हतो. "गंगेचं काही नाही," मी म्हणालो. "दोष तांब्याच्या गडूचा." आणि मनात म्हणालो, तांब्याचाही नाही, दोष उद्धवरावाच्या जिभेचा. शुद्ध म्हणे, शुद्ध! जिच्या घरात सगळ्यांत शुद्ध काय, हे न विचारताही कळायला हवं होतं, तिला मी मोघम शब्द देऊन वाटेला लावलं.

"मंग आता?"

"आता धुऊन बघू. जगेल की नाही ते आत्ता सांगता येत नाही." या वेळी मी खोटं बोललो नाही.

मी बॅटरीतलं सगळं ॲसिड काचेच्या बरणीत ओतून काढलं. डिस्टिल वॉटर घालून, हलवून, पुन्हा ओतलं. असं तीनदा. अंबूबाई उंबऱ्यावर बसून बघत होत्या. नवं ॲसिड भरायला घेतलं तशा उठल्या आणि बरणीकडे बोट दाखवून म्हणाल्या, "ते पानी मला द्या."

"कशाला?"

"माजी गंगा हाय त्यात."

मी बरणी मागे ओढली. "अंबूबाई, ते ॲसिड आहे. ओठाला लावलं तर ओठ जळतील!" त्यांना पटेना. मी त्यांच्या लुगड्याच्या भोकांवर बोट ठेवलं. "हे बघा, हे याच पाण्यानं झालंय."

बाईंना रडताना मी तेव्हाच पाहिलं. मुलाचा ताप सांगतानाही त्या रडल्या नव्हत्या. मी बरणीत ॲसिड मारायला पुडाभर खायचा सोडा टाकला, फसफस थांबेपर्यंत टाकत राहिलो. मग आम्ही दोघं पुलाखाली गेलो आणि त्यांनी ते पाणी हात जोडून पवनेत सोडलं. नदीचं पाणी नदीत गेलं, म्हणाल्या.

परत येताना त्यांनी विचारलं, "तुमचं ते पानी, बॅटरीला चालतं ते, त्यात काय बी नसतं का?"

"काही नसतं. वाफ करून थंड केलेलं. नुसतं पाणी."

"म्हंजी गंगेपरीस शुद्ध?"

असल्या प्रश्नाला भटजी लागतो, बॅटरीवाला नाही. "बॅटरीच्या बाबतीत, हो," मी म्हणालो.

"मंग मला त्याचीच एक बाटली भरून द्या. गंगेवानी बंद करून. माज्या वक्ताला व्हईल."

नाही म्हणायला तोंड कुठं होतं मला? फळीवर दोन बरण्या शेजारीशेजारी होत्या, एक डिस्टिल वॉटरची, एक ॲसिडची. दोन्ही दिसायला सारख्याच. मी एक लहान बाटली भरली, बूच ठोकलं आणि बॅटरीच्या झाकणाला लावतो ते डांबर वितळवून वरून ओतलं. काळी कुळकुळीत टोपी झाली. बाईंनी ती बाटली पदराखाली धरून नेली.

पुढचे दोन महिने कसे काढले ते माझं मला माहीत. बॅटरी फळीवर. बाई एक दिवसाआड येऊन विचारायच्या, "हाय का?" मी म्हणायचो, "आहे." आठ दिवस टिकली. पंधरा टिकली. उतरत होती, पण बेतानं. तळेगावहून खबर यायची, ताप आहे, ताप कमी आहे, परत पाणी काढलं, आता भूक लागते म्हणतो. शिमगा झाल्यावर बाई एका सकाळी रिकाम्या हातानं आल्या. मी हातातलं काम टाकून उठलो. "काय झालं?"

"बॅटरी द्या. पोराला आनायचाय."

पाडव्याच्या चार दिवस आधी सुरेंद्र घरी आला. अर्धा झालेला, गालफडं बसलेली, पण आपल्या पायांनी चालत. मीच जाऊन बॅटरी बसवली. पोरानं किक मारली. नाही. दुसरी मारली. नाही. अंबूबाईंनी माझं मनगट धरलं, नखं रुतली. तिसऱ्या किकेला गाडी फाटफाट करत चालू झाली.

"एका किकेत म्हनला व्हता," त्यांचा चेहरा अजून तसाच.

"आई, पाच महिने उभी होती. दोन किका तर पेट्रोल चढायला लागतात," सुरेंद्र हसला आणि हसताहसता खोकला. त्या खोकल्यानं आम्ही दोघंही दचकलो. पण तो नुसता धूर गेला होता नाकात.

पुढे त्याचं चित्राशी लग्न झालं, कामावर पुन्हा रुजू झाला. वर्षभरात मी ती बॅटरी बदलायला लावली. जुनी अंबूबाईंनी मोडीत घालू दिली नाही.

एक्याऐंशीच्या फाल्गुनात, भरदुपारी, सुरेंद्रची जावा दुकानासमोर थांबली. सवयीनं मी हायड्रोमीटर उचललं. तो म्हणाला, "बॅटरीचं नाही काका. आई जातेय. देवघरातली ती काळ्या बुचाची बाटली मागतेय. चित्रा म्हणते, बॅटरीवाल्याकडची बाटली, ॲसिड निघालं तर? तुम्ही चला. तुम्ही सांगा."

मी त्याच्या मागे बसलो. पूल येतो न येतो तोच मला ती फळी आठवली. शेजारीशेजारीच्या दोन बरण्या. त्या दिवशी माझं चित्त कुठं थाऱ्यावर होतं? मी कुठल्या बरणीला हात घातला होता? सहा वर्षं ही शंका मला कधी शिवली नव्हती आणि आता ती छातीवर बसली होती. ॲसिड असलं तर? मरताना त्या बाईचे ओठ माझ्या हातानं जाळू? आणि बाटली फोडली नाही तर तिला काय सांगू?

अंबूबाई जमिनीवर घोंगडीवर होत्या, चिपाडासारख्या झालेल्या. सून चित्रा उशाशी तुळशीचं पान घेऊन बसलेली. कोपऱ्यात पाटावर ती जुनी मेलेली बॅटरी, पुसलेली, टोकांना व्हॅसलीन. मी चित्राकडून खायचा सोडा मागून घेतला, चिमूटभर बशीत टाकला. सुरीनं डांबर खरवडलं, बूच काढलं आणि बाटलीतले चार थेंब सोड्यावर सोडले. कान लावून बसलो. फसफसलं नाही. तरी माझा विश्वास बसेना. तळहातावर थोडं घेतलं आणि चाटलं. कशाचीच चव नाही. माझ्या डोळ्यांना धार लागली.

अंबूबाई टक लावून बघत होत्या. "शुद्ध हाय न्हवं?" आवाज कसाबसा आला.

"शुद्ध आहे, अंबूबाई," मी म्हणालो. "अगदी शुद्ध."

"मंग आता उतरली तरी चालंल," त्या म्हणाल्या, आणि सुरेंद्रनं तुळशीपान बुडवून त्यांच्या ओठांवर धरलं.